महाडला जायचे तर मुक्कामाने जा



उपनगरातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "दादा, माझ्या मुलीच्या वर्गातल्या मुली सुटीत माथेरानला जाऊन आल्या, महाबळेश्वरला जाऊन आल्या. आम्ही कुठं गेलो, तर महाडला. तेही सकाळी गेलो आणि रात्री परत आलो. बाईंनी निबंध लिहायला सांगितला, 'मी केलेली सहल'. पोरगी विचारते, आई, महाड चालेल का? मी घरात विषय काढला तर आमचे हे म्हणतात, सहली करणं आपलं काम नव्हे. आता तुम्हीच सांगा."

ताई, तुमच्या मालकांना माझा जयभीम सांगा आणि हे पान त्यांच्या हातात द्या. मुलीला म्हणावे, महाड चालेल. निबंधच काय, आख्खी वही भरेल. मात्र त्यासाठी २० मार्चच्या गर्दीत टेम्पोतून जाऊन टेम्पोतून परत येणे पुरणार नाही. थंडीच्या दिवसांत, दोन रात्रींच्या मुक्कामाने, सगळ्या घरादाराने जायला हवे.

आपले महाडला जाणे कसे असते ते मी अनेक वर्षे गाड्या ठरवणारा माणूस म्हणून जवळून पाहिले आहे. मंडळातर्फे गाडी ठरते. पहाटे निघतो. गाडीत घोषणा, गाणी. महाडला पोचेपर्यंत ऊन चढलेले. गाडी दूर उभी करावी लागते, तिथून रांगेने तळ्यावर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार, तळ्याचे पाणी ओंजळीत, मग क्रांतीस्तंभ, मग पुस्तकांचे स्टॉल, थोडा वेळ सभा. चार वाजले की गाडीवाला हॉर्न वाजवायला लागतो. त्यात बायामाणसांचे हाल विचारू नका. कडेवर मूल, हातात पाण्याची बाटली, आणि गर्दीत हरवू नये म्हणून दुसऱ्या मुलाचा दंड धरलेला. घरी आल्यावर लहानग्याला विचारा महाडला काय पाहिले, तर तो म्हणतो, "माणसं." ते दर्शनही मोठेच आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण गाव राहून जाते. नदी राहून जाते. डोंगरातली लेणी तर हाकेच्या अंतरावर असून राहून जातात.

हा विचार मी आमच्या वस्तीच्या बैठकीत मांडला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते उसळले. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांचे वडील गिरणीत होते आणि गाव महाड तालुक्यातलेच. काका म्हणाले, "अहो, महाड काय डबे घेऊन हिंडायची जागा आहे? तिथं आमच्या माणसांची डोकी फुटली. तुम्ही पोरांना मजा करायला नेणार?"

काकांचा राग मला समजतो. आपल्या तीर्थाची जत्रा होऊ नये असे त्यांना वाटते. पण मी त्यांना विचारले, "काका, सत्याग्रह कशासाठी झाला?" ते म्हणाले, "पाण्याच्या हक्कासाठी." मी म्हटले, बरोबर. आता तो हक्क नेमका कोणत्या शब्दांत मांडला होता ते बघा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. यादीतली धर्मशाळा लक्षात घ्या. धर्मशाळा प्रवाशासाठी असते. म्हणजे आपल्या माणसाने प्रवास करावा, गावात उतरावे, मुक्काम करावा, हे त्या ठरावात आलेले आहे. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले, पण कागदावर. प्रत्यक्षात पाण्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

मी हिशोबाचा माणूस, म्हणून मला त्या परिषदेतला एक आकडा विसरता येत नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली तेव्हा हजारो प्रतिनिधी गावोगावाहून चालत आले होते. त्यांना प्यायला पाणी नव्हते. एवढे मोठे तळे शेजारी असताना परिषदेच्या चालकांनी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घेतले. १९२७ चे चाळीस रुपये! हा खर्च ज्याने वहीत लिहिला असेल त्याचा हात काय म्हणाला असेल? दुसऱ्या दिवशी बाबासाहेब मिरवणुकीने तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले, आणि मागोमाग सगळे प्याले. मग देवळात शिरणार अशी अफवा उठली, मारहाण झाली. पुढे तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली, तीही फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी जागा दिली म्हणून. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तळ्याचा खटला मात्र चालतच राहिला आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे.

एवढे करून मिळवलेल्या जागी आपण वर्षातून एकदा चार तास जातो, आणि उरलेले ३६४ दिवस ते गाव आपल्याला अनोळखी. मुलांना कळायचे कसे की हे आपले गाव आहे?

काका गप्प झाले. पण पटले नव्हते. तेव्हा मी शेवटचा मुद्दा काढला. डिसेंबर १९२७ च्या परिषदेनंतर बाबासाहेब तडक मुंबईला परतले नाहीत. सोबतच्या मंडळींना घेऊन ते रायगड पाहायला गेले. महाडच्या मुक्कामात जवळची बौद्ध लेणीही त्यांनी पाहिली. एवढी धामधूम, कोर्टाचा मनाई हुकूम, गावात तणाव, आणि हा माणूस गड बघतो, लेणी बघतो! काका हसले आणि म्हणाले, "मग काढा गाडी."

आता गाव सांगतो.

महाड सावित्री नदीच्या काठी आहे. ही नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. गांधारी नावाची दुसरी नदी महाडजवळच तिला येऊन मिळते. महाडच्या खाली खाडीचे पाणी भरती-ओहोटीने वरखाली होत असते. एकेकाळी सगळा व्यापार या पाण्यावरून चाले आणि त्या व्यापाराचे बंदर म्हणजे दासगाव, महाडपासून पाच मैलांवर.

दासगाव पाहायला कोणी जात नाही. तिथे पुतळा नाही, तिकीट नाही. मी म्हणतो, मुलांना आवर्जून न्या. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब सुमारे दोनशे सत्याग्रहींसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले ते दासगावलाच उतरायला. जमिनीवरून जवळचा रस्ता असताना बोटीचा लांबचा फेरा का घेतला? चरित्रकार धनंजय कीर यांनी कारण दिले आहे. मोटारवाल्यांनी ऐन वेळी बहिष्कार टाकला असता तर सगळे वाटेत अडकले असते. दासगावला उतरले तर पुढचे पाच मैल पायी जाता येतात, ते कोण अडवणार? एवढा पुढचा विचार! खाडीच्या काठी उभे राहून ही गोष्ट मुलांना सांगा. आणि मुले चालणारी असतील, सकाळची वेळ असेल, तर महाडच्या वाटेवर थोडे अंतर तरी त्यांच्याबरोबर चाला. सगळे पाच मैल मात्र लहानांना चालवू नका. आता तो महामार्ग आहे, भरधाव गाड्या जातात.

माझ्या मते महाडचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे गांधारपालेची लेणी. पाले गावाच्या वर, गावापासून तीनेक किलोमीटरवर, मुंबई–गोवा रस्त्याला लागूनच हा डोंगर आहे. एसटीने महाडला येताना खिडकीतून लेण्यांची ओळ दिसते. किती जणांनी पाहिली? मी एकदा आमच्या गाडीत विचारले होते. चाळीसपैकी सहा हात वर आले.

ही लहानमोठी तीसेक लेणी आहेत, डोंगराच्या अंगावर दोन थरांत कोरलेली. वर जायला पायऱ्या आहेत. सकाळी सात-साडेसातला चढायला लागा. दम लागतो, पण आजीसुद्धा बसत-बसत चढू शकते. वर मोठा विहार आहे, खांबांचा व्हरांडा, आत प्रशस्त सभागृह, आणि आतल्या बाजूला दगडात कोरलेली बुद्धमूर्ती. बाजूने भिक्खूंच्या खोल्या. खोलीत दगडाचाच ओटा, झोपायला. मुलांना त्या ओट्यावर बसवा आणि विचारा, रात्री दिवा कुठे ठेवत असतील? पावसाळ्यात इथे तीन महिने वर्षावास करणारा भिक्खू दिवसभर काय करत असेल? मुले आपल्यापेक्षा चांगली उत्तरे देतात. आमच्या गाडीतला एक आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, "पाऊस बघत असेल." तिथे बसल्यावर समोर नदीचे खोरे, शेते आणि रस्ता दिसतो, तेव्हा ते उत्तर पटते.

लेण्यांत ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. काणभोज विण्हुपालित नावाच्या राजकुमाराच्या दानाचा. लेख म्हणजे जणू पावतीच आहे. लेणे, चैत्यगृह, आठ ओवऱ्या, म्हणजे खोल्या. लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी. आणि लेण्याला लागून येणारी वाट. काय दिले, किती दिले, सगळे नोंदलेले, आकडासुद्धा लेखात कोरलेला. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेला हा हिशोब मी माझ्या वहीत उतरवून घेतला आहे. त्यातले शेवटचे दोन शब्द बघा: पाणी आणि वाट. सतराशे वर्षांनी त्याच डोंगराच्या पायथ्याशी माणसांना पाण्यापाशी जायची वाट बंद होती. त्या टाक्यांपाशी थांबून तुमच्या मुलीला हे सांगा, ताई. तिच्या निबंधाला दुसरा विषय शोधावा लागणार नाही.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. लेण्यांत नावे लिहू नका. 'जयभीम' सुद्धा लिहू नका. चुन्याने नको, खडूने नको, टोकदार दगडाने तर नकोच. आपल्याच पोरांनी हा उद्योग केलेला मी अनेक लेण्यांत पाहिला आहे आणि मान खाली गेली आहे. ही लेणी भारतीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या कायद्याप्रमाणे, २०१० च्या दुरुस्तीनंतर, संरक्षित वास्तूची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कायदा राहू द्या. ज्या दगडावर आपल्या पूर्वजांच्या दानाचा लेख आहे त्याच दगडावर बदाम काढून आपले नाव कोरणाऱ्याला काय म्हणावे? मेणबत्त्याही मूर्तीजवळ लावू नयेत, दगड काळा पडतो. वंदना म्हणा, दोन मिनिटे शांत बसा. कागद, द्रोण, प्लास्टिकच्या पिशव्या खाली घेऊन या. कुठल्याही लेण्यात शिरताना आधी छताकडे बघावे, मोहोळ असेल तर तिथे आरडाओरडा, अगरबत्ती काही नको.

गावाच्या आग्नेयेला, जवळच, कोल गावची लेणी आहेत. ती लहान आहेत, पडझड झालेली आहे, आणि वेळ कमी असेल तर मी म्हणेन सोडा. पण भगिनींसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या एका लेखात दान देणारी बाई आहे. तिचे नाव धम्मसिरी. ती शिवदत्ताची बायको होती, एवढेच कळते. पण लेणे तिच्या नावावर आहे. घरच्या पावत्या अजूनही मालकांच्या नावानेच फाडणाऱ्या आमच्या मंडळांनी हे जरूर वाचावे.

नदीबद्दल आता वेगळ्या सुरात लिहितो, कारण यात जिवाचा प्रश्न आहे.

सुटीत नदीकाठी गेले की मुलांना पाण्यात उतरायचे असते आणि आपल्यालाही वाटते, उतरू दे. सावित्रीत उतरू देऊ नका. महाडच्या परिसरात या नदीत मगरी आहेत, पुष्कळ आहेत. खाजणात, काठावरच्या चिखलात त्या ऊन खात पडलेल्या दिसतात. लांबून, रस्त्यावरून किंवा पुलावरून दाखवा, मुलांना प्राणिसंग्रहालयाची आठवण राहणार नाही. पण पाण्याच्या कडेला कपडे धुवायला, पाय बुडवायला, डबा विसळायला जाऊ नका. शिवाय भरतीचे पाणी कधी चढते ते बाहेरच्या माणसाला कळत नाही, आणि औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याची तक्रार या नदीकाठची माणसे वर्षानुवर्षे करीत आली आहेत. गरम पाण्याची हौस असेल तर नदीकाठीच सव गावात उन्हाळी आहेत, म्हणजे गरम पाण्याचे झरे. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना तिथे न्या. पाणी आधी हाताने बघावे, मगच पाय घालावे.

आणि पावसाळ्यात महाडची सहल काढूच नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड–पोलादपूर रस्त्यावरचा सावित्रीवरचा जुना इंग्रजी अमदानीतला पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या, त्याबरोबर इतर वाहने अंधारात नदीत गेली. त्यांतले ड्रायव्हर-कंडक्टर, त्यांतले प्रवासी, आपल्यासारखीच गावाहून मुंबईकडे निघालेली माणसे होती. नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुला झाला. तो पूल ओलांडताना आमच्या गाडीतल्या घोषणा आपोआप थांबतात. मग २२ जुलै २०२१. त्या दिवशी महाड शहर पाण्याखाली गेले आणि तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. बाजारपेठेतल्या जुन्या दुकानदारांना विचारा, पाणी कुठपर्यंत चढले होते ते ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. म्हणून सांगतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. डोंगर अजून हिरवे असतात, ऊन सोसते, आणि रात्री गोधडी लागते. २५ डिसेंबरला गर्दी असते. त्याच्या आधीचा किंवा नंतरचा आठवडा निवडावा.

रायगडाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. महाडहून पंचवीसेक किलोमीटर. पायथ्याशी पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, तिथे आधी थांबा. चढायला पायऱ्या चौदाशेच्या वर आहेत, अडीच-तीन तास धरा. १९९६ पासून रोपवे आहे, म्हातारी माणसे आणि लहान मुले काही मिनिटांत वर जातात. पण तिकीट सगळ्यांचे काढायचे तर कष्टकरी घराला ते जड जाते. माझी युक्ती अशी: आजी-आजोबांना आणि एका मोठ्या माणसाला रोपवेने पाठवा, बाकीच्यांनी पायी चढावे. सुटीच्या दिवशी रोपवेला रांग असते, सकाळी लवकर नंबर लावा. २०२५ मध्ये रायगड जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून गर्दी वाढेल हे धरूनच चला. ६ जूनच्या सुमारास, राज्याभिषेकाच्या दिवसांत, कुटुंब घेऊन जाऊ नये.

आता खर्च. हा प्रश्न पत्रात नव्हता, पण त्यामागे तोच होता हे मला समजले.

एसटीने जा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे असतेच. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास मिळतो. आता हिशोब करा. वडील, आई, चौदा वर्षांचा मुलगा, दहा वर्षांची मुलगी आणि शहात्तर वर्षांची आजी. माणसे पाच, तिकिटे तीन. स्वतंत्र गाडी ठरवली तर याच्या कितीतरी पट पैसे जातात, वर ड्रायव्हरचे जेवण. कोकण रेल्वेचे वीर स्थानक महाडपासून जवळ आहे, पण तिथे थोड्याच गाड्या थांबतात आणि पुढे रिक्षा शोधावी लागते. महामार्गाच्या रुंदीकरणाने २०११ पासून प्रवाशांचा जो अंत पाहिला तो आठवून, पोचायला किती तास लागतील याचा शब्द मुलांना देऊ नका.

मुक्कामासाठी एसटी स्टँडच्या आसपास साधे लॉज आहेत. चार कुटुंबे मिळून गेलात तर आधी पत्र किंवा फोन करून एखाद्या विहाराच्या समितीला विचारावे. आपली माणसे नाही म्हणत नाहीत, मात्र निघताना झाडून-पुसून, दानपेटीत यथाशक्ती टाकून निघावे. आपल्यातल्या अर्ध्या मुंबईकरांचे गाव याच खोऱ्यात, महाड, पोलादपूर, मंडणगड, दापोलीकडे आहे. कोणाचे तरी मामा, आत्या निघतातच. पण मामीच्या डोक्यावर बारा माणसांचा स्वयंपाक टाकू नका. सुकी चटणी, लसणाचा ठेचा दोन दिवस टिकतात; तांदळाच्या भाकऱ्या, उकडलेली अंडी पहिल्याच दिवशी संपवावीत. सहलीला जाऊन बायकांनी पुन्हा चुलीपुढे बसायचे असेल तर ती सहल फक्त पुरुषांची झाली. डबे पुरुषांनी उचलावेत, हेही लिहून ठेवतो. आमच्या मागच्या सहलीत हा नियम केला तेव्हा सुरुवातीला कुरकुर झाली, लेण्यांच्या पायऱ्या चढताना तर फारच झाली.

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी दुपारनंतर पोचलात की संध्याकाळी तळ्यावर जा. तेव्हा तिथे शांतता असते. गावातली माणसे फिरायला येतात, मुले कठड्याला टेकून मासे बघतात. तुमच्या मुलांनाही तासभर तसेच बसू द्या, भाषण देऊ नका. तिथूनच क्रांतीस्तंभ पायी करता येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गांधारपाले, दुपारी विश्रांती, उन्हे उतरल्यावर दासगाव किंवा सव. तिसऱ्या दिवशी जमले तर रायगड, नाही जमले तर सरळ घर. २० मार्च २०२७ ला सत्याग्रहाला शंभर वर्षे पुरी होतात. त्या दिवशी तर लाखोंनी जायचेच आहे, पण मुलांना त्या गर्दीच्या आधी गाव ओळखीचे करून द्यावे अशी माझी सगळ्या पालकांना विनंती आहे.

ताई, जाताना मुलीबरोबर एक वही आणि पेन्सिल द्या. ब्राह्मी अक्षरे तिला उतरवून घेऊ दे, काही सोपी आहेत. निबंध लिहून झाला की एक प्रत इकडे पाठवा, मुलांच्या पानासाठी मी संपादकांकडे शब्द टाकतो. नदीपलीकडच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे, म्हणजे बाबासाहेबांचे मूळ गाव, या फेरीत मुद्दामच घेतले नाही. ते एका दिवसात उरकण्यासारखे नाही, त्याबद्दल पुढच्या वेळी.